फुकटच्या पेटीचं वलगावला काय झालं

वऱ्हाडातली माणसं तोंडावर बोलतात, आडपडदा ठेवत नाहीत, असं पुण्यात मला ज्यानं त्यानं सांगितलं होतं. मी निघाले ती नेमकी त्याचसाठी! कारण पुण्यात, नाशकात, मुंबईत मला कुणी खरं सांगायलाच तयार नव्हतं.

आधी आमचा धंदा सांगते. मी आणि माझा भागीदार नचिकेत, आम्ही कथाखेळ तयार करतो. चार-सहा जणांनी गोल करून बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र अंगावर घ्यायचं, एकानं सूत्रधार व्हायचं आणि वीस बाजूंचे फासे टाकत टाकत गोष्ट पुढे न्यायची. नियमांचं पुस्तक, नकाशा आणि फासे असं सगळं एका पेटीत येतं. आमची पहिली पेटी म्हणजे ‘काळ्या मातीची राणी’. कापसाच्या एका काल्पनिक राज्याची गोष्ट. लिहिली मी, विकायचं काम नचिकेतचं.

पहिली छपाई आम्ही जवळपास सगळी फुकट वाटली. अट एकच, खेळून पाहा आणि इंटरनेटवर चार चांगले शब्द लिहा. यातला ‘चांगले’ नचिकेतनं घातला होता आणि मी तो खोडला नाही, हे आत्ताच कबूल करून टाकते. मग काय, कौतुकाचा नुसता पूर! ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘मराठीत असं झालंच नव्हतं’, पाच तारे, पाच तारे, पाच तारे. नचिकेत हवेत होता. दुसरी, मोठी छपाई सोमवारी सुरू व्हायची होती आणि मी मात्र ते तारे पुन्हा पुन्हा मोजत होते. इतक्या माणसांना एकही चूक दिसू नये? माझ्या आईला माझ्या पोह्यांतसुद्धा तीन दिसतात.

सगळ्या यादीत एकच नाव असं होतं की पेटी घेऊन त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. रेखाताई, मुक्काम वलगाव, जिल्हा अमरावती. तीन महिन्यांपूर्वी त्यांचा एक निरोप आला होता, ‘पेटी भेटली. खेळून राहिलो.’ बस्स. म्हटलं, चला, खरं बोलणारं माणूस सापडलं!

अमरावती, गुरुवार

थंडीचे दिवस, सकाळची वेळ आणि राजकमल चौकात माझ्या बॅगेची चेन दगा देऊन गेली. रविवारी अकोल्याला वाटायच्या चाळीस पेट्या नचिकेतनं पार्सलनं आधीच रवाना केल्या होत्या, पण सुटे फासे माझ्याजवळ होते. ते सगळे रस्त्यावर! लाल, निळे, हिरवे, टणाटण उड्या मारत गेले. मी रिक्षांना हात करतेय, एक आजोबा काठीनं फासे अडवताहेत, आणि संत्र्याच्या गाडीवाल्यानं तर आपलं गिऱ्हाईक सोडून अर्धे गोळा करून दिले.

“हे काय हाये जी? गोळ्या हायेत का खायच्या?”

मी सांगितलं, खेळाचे फासे आहेत.

“यावर वीस पडले त काय होते?”

“मनासारखं होतं.”

“मंग हा एक ठेवून घेतो मी,” असं म्हणून त्यानं हिरवा फासा खिशात टाकला आणि माझ्या हातावर दोन संत्री ठेवली. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाला, “असंच थोडी घेते कोणी!” संत्री काय गोड होती म्हणून सांगू. आमच्याकडे मंडईत जी मिळतात ती मग कोण असतात, असा प्रश्न पडला.

तिथून गिला वडा खायला गेले. दह्यात बुडवलेला वडा आणि वर लालभडक चटणी. गाडीवाल्यानं विचारलं, तिखट चालते ना? मी ऐटीत म्हटलं, चालतं की. दुसऱ्या घासाला कान गरम झाले. तो म्हणाला, “पुण्याच्या काय जी?” कसं ओळखलं म्हणून विचारलं, तर म्हणे, “डोये पाहून.” तरी मी दुसरी प्लेट घेतली, आणि पुन्हा गेले तर तिसरीही घेईन.

वलगाव, शुक्रवार

रेखाताईंचं घर फुलांचं आहे. म्हणजे घरचा फुलमळा, झेंडू आणि शेवंती. पहाटे तोडणी, सकाळी अमरावतीचा बाजार आणि दुपारी अंगणात हार ओवायची बैठक. या बैठकीतच आमचा खेळ चालतो! मी आयुष्यात पाहिलेला हा सगळ्यात सुंदर खेळ, अगदी मनापासून सांगते. मध्ये झेंडूचा ढीग, भोवती पाच बायका, मधोमध पितळी परात. जिचा डाव येईल ती सुई पदराला टोचते, फासा परातीत टाकते, खण्णकन आवाज होतो, आणि पुन्हा सुई हातात. सूत्रधार रेखाताई. पन्नाशीच्या, उंच, केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या, आणि आवाज असा की वेशीबाहेर ऐकू जावा.

त्यांनी एक नियम आपल्या मनानं जोडला होता. फासा मनासारखा पडला नाही तर एक हार जास्त ओवायचा आणि पुन्हा टाकायचा. मी जागच्या जागी उडालेच. “अहो, हे आमच्या पुस्तकात नाही!”

“पुस्तकात हार कुठी हायेत मॅडम?” रेखाताई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

एक गोष्ट तेव्हा मी पाहिली आणि सोडून दिली. राजवाड्याच्या दरवाजाचा प्रसंग आला की रेखाताई दोन पानं एकदम उलटायच्या. पहारेकरी यायचाच नाही. मला वाटलं, हार वेळेत व्हायला हवेत म्हणून घाई असेल.

खेळ संपल्यावर मी वही काढली. “आता खरं खरं सांगा. कसा आहे?”

“चांगला हाये,” रेखाताई म्हणाल्या.

“काही चूक? काही आवडलं नाही असं?”

“नाई जी. चांगला हाये.”

बाकीच्या चौघींना विचारलं. चांगला हाये, चांगला हाये, चांगला हाये, चांगला हाये. माझी वही कोरी ती कोरीच. म्हणजे मी सबंध महाराष्ट्र ओलांडून आले ते हे ऐकायला? पुण्यात हेच घरबसल्या मिळत होतं की!

निघताना रेखाताईंनी आतून तुरीच्या डाळीची पिशवी आणली, घरच्या शेतातली, आणि वर झेंडूचा हा एवढा हार. मी हात जोडले. आमचा एक नियम आहे, मीच केलेला, मोठ्या अभिमानानं: ज्यांचं मत घ्यायचं त्यांच्याकडून साधी सुपारीसुद्धा घ्यायची नाही. लोकांना वाटायला नको की मतं विकत मिळतात. हे सगळं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या पिशवी उचलून आत घेऊन गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा तोंड उतरलेलं होतं. मला वाटलं, दमल्या असतील.

अकोट, शनिवार

अकोटला प्रमोदभाऊंना भेटायचं होतं. ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये मेकॅनिक, आणि रेखाताईंचे मामेभाऊ. त्यांनी आमची पेटी अकोल्याच्या दुकानातून विकत घेतली होती. जिनिंगच्या फाटकाशी भेटले तेव्हा भुवयांपर्यंत कापूस. “चला, पैले चहा,” म्हणाले, आणि चहा यायच्या आत त्यांनी माझ्या पेटीची अशी काही चिरफाड केली की विचारू नका! नकाशा दुसऱ्या घडीला फाटतो. नियमांची बारा पानं उगाच आहेत. चोराचा डाव इतका सोपा की पोट्टेबी हसतेत. मी लिहीत सुटले. वहीची चार पानं भरली आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांना दुसरा चहा पाजला.

“रेखाताईनं काय म्हटलं?” त्यांनी विचारलं.

“त्या म्हणाल्या, चांगला आहे.”

प्रमोदभाऊंनी कप खाली ठेवला. “रेखाताई? चांगला हाये म्हने?” मग माझ्या बॅगेकडे पाहिलं. “डाळ कुठी हाये?”

“कोणती डाळ?”

“तिच्या घरून आजलोक रिकामं कोणी आलं नाई. डाळ देल्ली असंन ना तिनं?”

मी सांगितलं, दिली होती पण मी घेतली नाही, आमचा नियम आहे. प्रमोदभाऊंनी कपाळावर असा हात मारला की कापूस उडाला.

“अवं माय! मॅडम, पेटी तुमी तिले फुकट देल्ली. फुकट आलेल्या चीजीले नाव ठेवाव काय माणसानं? देणाऱ्याच्या तोंडावर थुकल्यासारखं होते ते. तिनं डाळ काढली कायले? बराबरी व्हावी म्हून. तुमी डाळ घेतली असती त ते बोलली असती. तुमी त तिचं तोंडच बांधून आले!”

ज्या नियमाला मी निःपक्षपणा म्हणून मिरवत होते त्यानंच मी माती खाल्ली होती. आणि फक्त वलगावला नाही. त्या सगळ्या पाच-तारेवाल्यांची तोंडं आम्ही पेटीबरोबर बांधूनच पाठवली होती, वर ‘चांगले’ शब्द लिहा म्हणून सांगितलं होतं.

“पण त्यांना बोलायचं काय होतं?”

“ते तिनंच सांगाव. मी विकत घेतली, मी माह्यं सांगतलं.” आणि त्यांनी मला थेट एसटी स्टँडवर नेऊन अमरावतीच्या गाडीत बसवलं.

पुन्हा वलगाव, शनिवार संध्याकाळ

सदाशिव पेठेत जन्म गेलेल्या बाईनं दुसऱ्याच्या दारात उभं राहून डाळ मागायची! गाडीत मी वाक्य घोकत होते. दारात पोचले तर रेखाताई टोपल्या धूत होत्या, आणि घोकलेलं सगळं विसरून मी म्हटलं, “रेखाताई, माझी डाळ द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अशा हसल्या की हातातली टोपली सुटली. डाळ आली, हार आला, वर अर्धा डझन संत्री आणि चटणीची बरणी. मी सगळं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.

“घेतलं?”

“घेतलं.”

“आता झालो बराबर. आता सांगतो तुले.” एका क्षणात मी ‘मॅडम, तुमी’ची ‘तू’ झाले होते, आणि मला ते फार आवडलं. पण पुढे जे आलं ते सोपं नव्हतं.

त्यांनी पेटीतून पुस्तक काढलं, रोज उलटायच्या ती पानं उघडली आणि माझं वाक्य मोठ्यानं वाचलं. दरवाजावरच्या पहारेकऱ्याचं. “‘मले काई समजत नाई बाप्पा, मी त निरा गाढव हाओ!’ हे तू लेयलं?”

“हो.”

“हा पाणक्या. हाबी आमचंच बोलते. हा दारुडा, हाबी. अन् राणी कशी बोलते? वजीर?”

राणी आणि वजीर माझ्यासारखं बोलतात. वऱ्हाडी मी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतून उचलली होती, गंमत म्हणून. लिहिताना मी एकटीच खुदुखुदु हसले होते, तेही आठवलं.

“माती आमची, कापूस आमचा, ऊनबी आमचं. अन् राणी पुण्याची? गाढव, बह्याड तेवढे आमचे काय?” रेखाताईंचा आवाज चढला नाही, उतरला. “माही पोरगी तुह्या पुण्यात शिकते. तिनंच माह्यं नाव टाकलं होतं पेटीसाठी, माय फार गोष्टी सांगते म्हून. तथी तिनं तोंड उघडलं का पोट्ट्या हासतेत. आता ते फोनवर तुह्यावानी बोलते. मायसंग! कशी आहेस, काय करतेस. मले माही पोरगी वयखू येत नाई.”

मला रडू आलं. लाजेनं आलं. पण खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात एक भलतीच खुशीसुद्धा होती. तीन महिने ती सगळी बैठक माझं पुस्तक पानं वगळून खेळत होती आणि आज मला ते कळलं होतं, सोमवारच्या आधी!

तिथूनच नचिकेतला फोन लावला. तो वैतागला. छपाईची तारीख ठरलेली, कागद आलेला, उद्या अकोल्यात चाळीस पेट्यांचा कार्यक्रम. “चूक आहे, मान्य. तिसऱ्या छपाईला सुधारू. उद्या मात्र काही बोलू नकोस, फक्त व्हिडिओ घे,” म्हणाला. मी म्हटलं, बघते. मी बघते म्हटलं की काय होतं हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

अकोला, रविवार

मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात शिरलं की गल्ल्या अशा अरुंद होतात की दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी बसल्या जागी एकमेकांना चहा द्यावा. तिथं फरीदभाईंचं बुकबाइंडिंगचं दुकान, आणि वरच्या माळ्यावर त्यांचा खेळांचा अड्डा. डिंकाचा वास, गलबला, तीस-चाळीस माणसं, आणि भिंतीवर नचिकेतनं पाठवलेला फलक: ‘पेटी मोफत! फक्त कौतुकाचा एक छोटासा व्हिडिओ!’

मी स्टुलावर चढले आणि फलक उलटा करून लावला.

“शर्त हटा दी क्या मॅडम?” फरीदभाईंनी विचारलं.

“हटा दी,” मी म्हटलं. मग सगळ्यांना सांगितलं. पेटी न्या. व्हिडिओ नको, तारे नको. पण खेळून मत सांगायचं असेल तर आधी या टोपलीत आपलं काहीतरी टाका. पैसे सोडून काहीही. म्हणजे आपण बरोबरीचे होऊ, आणि मग तुम्हाला हवं ते मला बोला.

मग पहिल्या ओळीतल्या बाईनं पर्समधून शेंगदाण्याच्या चिक्कीची वडी टाकली. मग पेन. लिंबं. गजरा. कुणीतरी कंगवा टाकला, हशा पिकला. फरीदभाईंनी हातानं बांधलेली कोरी वही टाकली. टोपली भरली, लोकांनी टेबलं लावली, खेळायला बसले, आणि खेळून झाल्यावर जे काही सुटले! मी फक्त लिहीत होते. एवढी बोलणी आयुष्यात खाल्ली नव्हती, आणि एवढी मजाही आली नव्हती.

शेवटचा डाव सगळ्यांसमोर. प्रमोदभाऊ रेखाताईंना घेऊन आले होते. मी सूत्रधार झाले आणि राणीचं पात्र रेखाताईंना दिलं. दरवाजाचा प्रसंग आला. पहारेकरी मलाच करायचा होता, आणि माझ्या तोंडून ती वाक्यं निघेनात. म्हणून मी त्याला माझ्या भाषेत बोलायला लावलं. अगदी शुद्ध. “क्षमा असावी महाराणी. मला काहीही समजत नाही हो. मी अगदीच गाढव आहे.”

माळा हसून हसून हलला. फरीदभाई तर टेबलावर डोकं टेकून. हसणं माझ्या अंगावर आलं आणि मला नेमकं कळलं ते कुठं लागतं.

रेखाताई हसल्या नाहीत. त्या उठल्या, माझ्यापुढे आल्या आणि राणी बोलली.

“उठ बापू. माह्या राज्यात कोणी गाढव नाई. तुले आजलोक कोणी इचारलंच नाई. रातभर दरवाजावर तू उभा हायेस, तुह्याइतकं कोणी पायलं नाई. सांग मले, काय पायलं तुनं?”

माझ्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी फासा टाकायलासुद्धा विसरले.

हे फरीदभाईंच्या पुतणीनं मोबाइलवर घेतलं होतं, कुणी न सांगता. मी नचिकेतला तेवढंच पाठवलं, सोबत एक शब्दही नाही. सोमवारी सकाळी त्याचा निरोप आला, ‘छपाई थांबवली. कागदवाला मला शिव्या देतोय. लवकर लिही.’

परत आल्यावर

पुस्तक पुन्हा लिहिलं. फरीदभाई आणि त्यांच्या अड्ड्यावरची दोघं यांना सोबत घेतलं, पेटीवर त्यांची नावं घातली, मानधन दिलं. फुकटच्या पेटीवरची अट कायमची काढली. रेखाताईंनाही विचारलं होतं, लिहायला येता का? “नाई. तू लेही. मी पायतो,” म्हणाल्या.

आता राणी वऱ्हाडी बोलते. नवी छपाई हातात आली तशी मी पहिली पेटी वलगावला पाठवली, मोठ्या हौसेनं, वर लिहिलं ‘सप्रेम भेट’. आठ दिवसांत ती पेटी एसटीच्या पार्सलनं परत! न उघडलेली. मी घाबरून फोन केला.

“रेखाताई, काय झालं? रागावलात?”

“राग कायले? भेट नको मले. अमरावतीच्या दुकानात आली हाये ना पेटी? मी इकत आणतो. यावेळी मले पोट भरून बोलायचं हाये.”

परवा दुपारी फोन वाजला. मागे परातीत फासा पडल्याचा आवाज आला. आणखी एक आवाज होता, कोवळा, खणखणीत. “मा, आंधी पह्यल्या पानाचं सांग तिले!” पोरगी सुट्टीत घरी आली होती.

“आणली पेटी,” रेखाताई म्हणाल्या. “माही पोरगी वाचून राहिली, मी सांगून राहिलो. चुका लय हायेत तुह्या. वही घे.”